चित्र परत कसं आलं

१

शिवराज हंबर्डे गच्चीवरून पडला तेव्हा खालच्या हॉलमध्ये घरभर सोयरे बसले होते, आणि एकानंही त्याला पडताना पाहिलं नाही.

मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत त्याचं तीन मजली घर आहे. शिवराज म्हणजे नभांगण डीटीएच या कंपनीचा हैदराबादचा मुख्य इंजिनियर. कंपनीनं नव्या उपग्रहावर जागा घेतली होती आणि त्या दिवशी तिची एचडी चॅनेलं एकदम दुप्पट झाली. सकाळी ऑफिसात हारतुरे झाले. संध्याकाळी नव्या चॅनेलवरची पहिली क्रिकेट मॅच दाखवायला शिवराजनं सगळा गोतावळा घरी जमवला होता. नाणेफेक झाली, खेळाडू मैदानात उतरले, आणि पडदा निळा पडला. सिग्नल नाही.

सोयरे हसले. शिवराजला ते लागलं असणार. "बसा, मीच बघतो," म्हणाला आणि बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर गेला. थोड्या वेळानं वरून त्याचा आवाज आला, "आलं का?"

पोरं खिडकीतून ओरडली, "नाही!"

"आता?"

"नाही!"

मग अंगणात धप्पकन आवाज झाला आणि त्याच्या बायकोनं, भाग्यलक्ष्मीनं, किंकाळी फोडली.

पोलीस म्हणाले, अपघात. गच्चीचा कठडा बुटका, माणूस वाकून ओरडत होता, तोल गेला. सगळ्यांना पटलं. फक्त त्याच्या आईला पटलं नाही.

ती आई, सावित्रीबाई, तेराव्यानंतर सुलतान बाजारात माझ्या ऑफिसात आली. साड्यांच्या दुकानावर माझी एक खोली आहे, बाहेर पाटी आहे: चारुलता सोळंके, खाजगी चौकशी. माझं नव्वद टक्के काम लग्नाचं. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं जमलं होतं का, एवढंच मी शोधते. खून मी कधी पाहिला नव्हता. सावित्रीबाई अरुंद जिना चढून आल्या, गुडघे धरून खुर्चीत बसल्या आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या:

"माझे गुडघे गेलेत, बाई. शिवराज पडला तेव्हा सगळे बाहेर पळाले, मला उठता येईना. मी एकटीच टीव्हीसमोर राहिले. सून बाहेर ऊर बडवत होती, आणि माझ्यासमोर चित्र आलं."

"म्हणजे?"

"म्हणजे पडद्यावर मॅच आली. लखलखीत. माझं लेकरू खाली मरून पडल्यावर आली. मग वर चित्र लावणारं कोण होतं?"

२

मी इन्स्पेक्टर नरसिंहलूंना भेटले. भला माणूस, पण फाईल बंद झाली होती.

"मॅडम, बूढी माँ है," ते म्हणाले. "बेटा गया. उनकू कुछ भी दिखता. तुमे कायकू परेशान होते?"

"गच्ची पाहू का मी?"

"देखो ना. कोन रोकता?"

गच्ची मोकळी होती. कठडा खरंच मांडीपर्यंतच येत होता. कोपऱ्यात टीव्हीची छत्री. महिन्याभरापूर्वी घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यांनी छत्रीच्या बुंध्याचे नटबोल्टही चुन्यानं माखून ठेवले होते. तो चुना कुठंच तडकला नव्हता. म्हणजे छत्री कोणी हलवली नव्हती. पण छत्रीच्या तोंडाशी जी केबल जोडतात, तिची पितळी टोपी आजूबाजूच्या धुळीत एकटी चकचकीत दिसत होती. ती मी दोन बोटांनी थोडी सैल केली. दिसायला केबल लागलेलीच दिसत होती. खाली भाग्यलक्ष्मीला हाक मारली, "चित्र आहे का?"

"गेलं, ताई!"

टोपी घट्ट फिरवली.

"आलं!"

मी कठड्यापासून दोन पावलं मागं सरले. युक्ती सोपी होती. कोणीतरी केबल सैल करून पाण्याच्या टाकीमागं उभं राहिलं होतं. शिवराज आला, त्यानं पाहिलं तर सगळं जागच्या जागी. छत्री चाचपली, कठड्यावरून वाकून विचारलं, "आलं का?" आणि पाठीत धक्का बसला. मग टोपी आवळून, सगळे अंगणात रडत असताना, तो माणूस बाहेरच्या जिन्यानं उतरून गेला.

सावित्रीबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत.

"नाव आण," म्हणाल्या. "पोलिसांच्या आधी मला सांग."

"मावशी, नाव घेऊन काय करणार?"

"त्याच्या आईच्या दारात जाऊन बसेन. तिला सांगेन, तू कसला साप जन्माला घातलास."

३

शिवराजच्या वाईटावर कोण होतं, असं विचारलं तर सगळे पहिलं नाव हिम्मतरावांचं घ्यायचे.

हिम्मतराव शेळके माझ्या ऑफिसाच्या दोन गल्ल्या पलीकडे कापडाचं दुकान चालवतात. पण त्यांचा जीव अडकला होता त्यांनीच काढलेल्या 'गोदातीर' या चॅनेलात. भजन, कीर्तन, मराठी व्याख्यानं. हैदराबादेतली आमची म्हातारी माणसं सकाळी चहाबरोबर तेच लावायची. एचडी वाढवताना नभांगणनं ते काढून टाकलं.

"समजून घ्या, ताई," ते कापडाचा तागा उलगडत म्हणाले, जणू मी गिऱ्हाईक होते. "एका एचडीला जेवढी जागा लागते, तेवढ्यात माझ्यासारखी तीन-चार साधी चॅनेलं मावतात. मग कोणाला हाकलणार? मी शिवराजच्या पाया पडलो. तो म्हणाला, काका, लोकांना आता खेळाडूच्या कपाळावरचा घाम बघायचाय. घाम दाखवायला त्यानं आमचा देव काढला."

"तो मेल्यावर तुम्हाला काय वाटलं?"

"पेढे वाटले. दुकानातल्या सगळ्यांना. लिहून घ्या."

"त्या संध्याकाळी कुठं होता?"

"बीदरला. भाचीचा साखरपुडा. अख्खं गाव साक्षीला आहे." त्यांनी तागा गुंडाळला. "नाहीतर तुम्हाला दुसरीकडं जायची गरज पडली नसती."

मी उठले तेव्हा ते पुन्हा बोलले. आवाज जरा उतरला होता.

"माझं नुसतं चॅनेल गेलं. सूर्यभान सरवद्यांचं पोरगं गेलं. हा नवा उपग्रह जुन्यापासून पूर्वेला, लांब. छत्री तिकडं वळवल्याशिवाय नवं एकही चॅनेल दिसत नाही. म्हणून गावभर पोरं पळवली छत्र्या वळवायला. घाई, घाई. त्यातला प्रबुद्ध सरवदे टाकीवरून पडला. कंपनी म्हणाली, हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा."

४

सूर्यभान सरवद्यांना शोधायला मला कुठं जावं लागलं नाही. ते शिवराजच्याच घरासमोर उभे होते.

बँकेतून दफ्तरी म्हणून निवृत्त झालेला उंच, वाळलेला माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट. समोरच्या कडुलिंबाखाली हात मागं बांधून उभे.

"काका, इथं काय करता?"

"बघतो."

"काय?"

"आता काही नाही. आधी तो यायचा-जायचा. पोरगं गेल्यापासून रोज संध्याकाळी उभा राहतो. त्याला माझं तोंड दिसावं म्हणून. एक शब्द बोललो नाही कधी. पहिल्या महिन्यात तो बघून हसायचा. मग गाडीची काच वर करायला लागला."

"तो पडला त्या दिवशीही होतात?"

"होतो."

"मग जिन्यानं वर जाणारं कोणी पाहिलंत?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"पाहिलं."

"कोण होतं?"

"ते मी सांगणार नाही, बाई. मला कापलं तरी नाही."

मी फार विनवलं. ते हात मागं बांधून उभेच राहिले. आणि वरच्या खिडकीत पडदा हलला तेव्हा मला कळलं की सावित्रीबाई आम्हाला बघत होत्या.

५

दुसऱ्या दिवशी मी नभांगणच्या ऑफिसात गेले. शिवराजच्या शेजारच्या टेबलावर शिल्पा डोणगावे नावाची मुलगी बसते. प्रत्येक चॅनेलचं चित्र स्वच्छ जातंय की नाही, हे तपासायचं तिचं काम. तिशीच्या आतली, शांत. ती मला खाली इराणी हॉटेलात घेऊन गेली.

"साहेब कसे होते?" मी विचारलं.

"हुशार होते. कामात पक्के." तिनं बिस्किट मोडलं, खाल्लं नाही. "घरचं काम दुसऱ्याला करू द्यायचे नाहीत. चित्र गेलं की स्वतः गच्चीवर चढायचे. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे."

"त्या संध्याकाळी तू कुठं होतीस?"

"घरी, दिलसुखनगरला. आत्याबरोबर. मॅच बघत होते."

"कसं आलं होतं चित्र?"

"सुंदर." ती जराशी हसली. "इतके दिवस ऑफिसात राबलो त्याचं चीज झालं वाटलं. आमच्या साध्या टीव्हीवर गवताचं पातं न् पातं दिसत होतं."

"प्रबुद्ध सरवदेला ओळखायचीस?"

"नाव ऐकलं होतं," ती म्हणाली आणि चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नरसिंहलू होते.

"मॅडम, केस खतम. उन्होंने अंगूठा नै, सही करके दिए. सूर्यभान सरवदे. बोल्ते, मैंच ढकेला."

६

सावित्रीबाईंनीच पोलिसांना बोलावलं होतं. हा माणूस रोज माझ्या दारासमोर उभा राहतो, म्हणून. आणि सूर्यभानांनी, कोणी हात न लावता, गुन्हा कबूल केला.

ठाण्यात त्यांना बाकावर बसवलं होतं. शेजारी त्यांची बायको विमलाबाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती आणि मुलगी स्वप्ना वडिलांचा हात धरून होती. मी नरसिंहलूंची परवानगी काढून एकच प्रश्न विचारला.

"काका, आधी चित्र कसं घालवलंत?"

"छत्री फिरवली. धरून गरागरा फिरवली."

मी नरसिंहलूंकडं पाहिलं. नटबोल्टांवरच्या चुन्याचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मग परत कशी लावली?"

"फिरवून. परत."

"काका, छत्रीला कोणी हात लावलेला नाही. तुम्ही वर गेलाच नाहीत."

"मीच गेलो होतो!" ते ओरडले. ठाण्यातले सगळे वळले. "माझं पोरगं त्यानं मारलं. त्याला मी मारलं. हिशेब बरोबर आहे, लिहून टाका!"

विमलाबाई एकदम बोलल्या. "अहो, तुम्ही मारलं असतंत तर त्या दिवशी घरी येऊन जेवला असतात. तुम्ही आलात ते रडत आलात. म्हणालात, जे मी करायला पाहिजे होतं ते दुसऱ्यानं केलं."

सूर्यभानांनी डोळे मिटले.

मला वाटलं, बाप लपवतो तो लेकीलाच. स्वप्नाला मी बाहेर घेतलं. पण ती त्या संध्याकाळी कोचिंग क्लासमध्ये गच्च भरलेल्या वर्गाला गणित शिकवत होती. संशयाला जागाच नव्हती.

"मग असं कोण आहे, ज्याच्यासाठी तुझे वडील फासावर जायला तयार आहेत?"

स्वप्नानं दारातून आत वडिलांकडं पाहिलं.

"दादाचं कुठंतरी जमलं होतं," ती म्हणाली. "नाव सांगायचा नाही. म्हणायचा, तिच्या घरी जात आडवी येईल, जरा थांब. दादाच्या मातीला लांब, रस्त्यापलीकडं एक मुलगी उभी होती. जवळ आली नाही. बाबांनी तिला पाहिलं होतं. ते म्हणाले, ही कोणाची गं, आपल्यापेक्षा जास्त रडतेय."

'नाव ऐकलं होतं' म्हणत कप दोन्ही हातांनी उचलणारी शिल्पा मला आठवली. मी रिक्षा केली आणि दिलसुखनगर सांगितलं.

७

शिल्पा कामावरून आली नव्हती. तिची आत्या, चौथ्या मजल्यावर राहणारी बोलकी विधवा, गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. मीही वर गेले.

उन्हात सगळं दिलसुखनगर पसरलं होतं. क्लासच्या पाट्या, टाक्या, वाळत घातलेले कपडे, आणि प्रत्येक गच्चीवर छत्र्या. नभांगणच्या निळ्या छत्र्या सगळ्या पूर्वेकडे वळलेल्या, एका ओळीत मान वळवून बघणाऱ्या बायकांसारख्या. या गच्चीवरही तीन होत्या. दोन पूर्वेला. एक दक्षिणेला, जुन्या जागी.

"ही कोणाची, मावशी?"

"आमचीच की. बघा ना! सगळ्यांनी फिरवून घेतल्या, आमची पोरगी ऐकत नाही. कंपनीत कामाला आणि घरात नवं एक चॅनेल दिसत नाही. त्या दिवशी म्हटलं मॅच तरी बघू, तर मिळंना. मी शेजारी जाऊन बघितली."

"आणि शिल्पा?"

"ती होतीच कुठं घरी?"

"फिरवून का नाही घेत?"

"हात लावू देत नाही कोणाला. फिरवायला पोरं आली तर त्यांच्या अंगावर धावून गेली. ज्या पोरानं बसवली ना, फार गुणाचं होतं. पाणी मागून प्यायचं, आत्या म्हणायचं. तेच बिचारं टाकीवरून पडून गेलं म्हणे."

मी त्या छत्रीकडं पाहत राहिले. आयुष्यभर मी मुलींची लपवलेली प्रेमं शोधत आले. फोन, फोटो, मैत्रिणींच्या तोंडून निघालेलं काहीबाही. पण असं चारचौघांत, उन्हातान्हात, गच्चीवर उभं केलेलं प्रेम मी पाहिलं नव्हतं. या छत्रीनं ती मॅच दिसूच शकत नव्हती. शिल्पानं मला सांगितलेलं गवताचं एक पातंसुद्धा तिनं घरी पाहिलं नव्हतं.

मागं चाहूल लागली. शिल्पा दारात उभी होती, खांद्याला पर्स.

"आत्या, खाली जा," ती म्हणाली.

आत्या गेली. शिल्पा येऊन छत्रीपाशी उभी राहिली, पण तिला हात लावला नाही.

"सूर्यभानांनी कबुली दिली आहे," मी म्हणाले. "मीच ढकललं म्हणून."

तिचा चेहरा तोपर्यंत दगडासारखा होता. तो आता फुटला.

"बाबांनी? ते का?"

"जिन्यावर त्यांनी तुला पाहिलं होतं."

ती खालीच बसली, मिरच्यांशेजारी.

"प्रबुद्धचा फोन साहेबांना आला तेव्हा मी शेजारी होते. साहेब जेवत होते, म्हणून फोन स्पीकरवर. प्रबुद्ध म्हणाला, सर, छत्री टाकीच्या वर आहे, टाकी भरून वाहतेय, सगळं शेवाळ आहे, कमरेला बांधायचा पट्टा दिला नाही. उद्या सुकलं की करतो. साहेब घास चावत म्हणाले, लाँच काय तुझ्या बापासाठी थांबणार आहे का? चढ. नाही तर दुसरे पुष्कळ आहेत." "त्याला माहीत होतं मी ऐकतेय म्हणून. तो म्हणाला, बरं सर. घाबरला असं मला वाटू नये म्हणून म्हणाला."

"तू काहीच बोलली नाहीस?"

"काय म्हणून बोलणार? ऑफिसात आमचं कोणाला माहीत नव्हतं. मी स्क्रीनवर रंग तपासत बसले. तासाभरानं बातमी आली. आणि चौकशीला माणसं आली तेव्हा साहेब म्हणाले, प्रबुद्ध सरवदे? या नावाच्या माणसाशी मी आयुष्यात बोललो नाही."

"ते तू तेव्हा सांगायला पाहिजे होतंस."

"सांगितलं. वरच्या मोठ्या साहेबांना. ते म्हणाले, लाँच होऊ दे, मग बघू. आणि तुझी बढती आलीय." ती हसली, ते हसणं मला पाहवलं नाही. "मग मी ठरवलं. त्यालाही वरून खाली यायला लावायचं. कठड्यावरून वाकून तो ओरडला, आलं का? मी त्याच्या कानाशी म्हणाले, सर, उद्या करू का? तो वळला. त्यानं मला ओळखलं. मग ढकललं."

"पश्चात्ताप होतो?"

"प्रबुद्धसाठी कधीच नाही. त्याच्या आईसाठी होतो, साहेबांच्या. एकदा त्यांनी ऑफिसात सगळ्यांना धपाटे पाठवले होते." तिनं डोळे पुसले, उठली. "चला. बाबांना तिथं बसवून ठेवायचं नाही मला."

ठाण्यात ती आत शिरली तेव्हा सूर्यभान बाकावरून उठले.

"कशाला आलीस गं?" ते चिडून म्हणाले. "माझं सगळं होऊन गेलंय. तुझं आयुष्य पुढं आहे."

"बाबा, घरी जा," ती म्हणाली. "मला बोलायचंय. मी बोलले नाही तर तो फोन कोणालाच कळणार नाही."

८

सावित्रीबाईंना मी सगळं सांगितलं. नाव आणि फोनही. त्या संतापल्या.

"मी तुला नाव आणायला सांगितलं होतं. माझ्या लेकराचं पाप उकरायला नाही."

"एकाशिवाय दुसरं सापडत नव्हतं, मावशी."

"तो फोन खोटा आहे."

भाग्यलक्ष्मी दारात उभी होती. सावित्रीबाईंनी सुनेकडं पाहिलं. सुनेनं मान खाली घातली. म्हातारी पुटपुटली, "माणसांशी बोलायचा तो तसा. घरातसुद्धा." मग मान ताठ करून म्हणाली, "तरी ती पोरगी सुटता कामा नये."

"नाही सुटणार. तिला सुटायचंच नाही."

शिल्पानं कोर्टात वकिलाचं ऐकलं नाही. गुन्हा कबूल केला, पण आधी सगळं बोलू द्या म्हणाली. त्या दिवशी पहिल्या बाकाच्या एका टोकाला सावित्रीबाई होत्या, दुसऱ्या टोकाला विमलाबाई. मध्ये मी बसले, कारण दुसरं कोणी तिथं बसायला धजेना.

शिल्पानं फोन सांगितला. प्रबुद्धचा शब्द न् शब्द, साहेबांचा शब्द न् शब्द, बढती देणाऱ्या मोठ्या साहेबांचं नाव. कंपनीचे वकील उठून उभे राहिले, न्यायाधीशांनी त्यांना बसवलं. विमलाबाई पुढं वाकून ऐकत होत्या, कोरडवाहू जमीन पाणी पिते तशा. कंपनीनं ज्याला आपला माणूस म्हटलं नव्हतं, त्याचं नाव भर कोर्टात पुन्हा पुन्हा घेतलं जात होतं. सावित्रीबाई भिंतीकडं बघत होत्या.

मग शिल्पानं गच्ची सांगितली. धक्का सांगितला. आता सावित्रीबाई पुढं वाकल्या आणि तिचं तोंड बघत राहिल्या, पापणी न हलवता. विमलाबाई पदराशी चाळा करत बसल्या.

बाहेर पडताना जिन्याशी दोघी समोरासमोर आल्या. सावित्रीबाईंना उतरता येईना. विमलाबाई जरा थांबल्या, पण हात पुढं केला नाही.

"तुमचा मुलगा गेला, मला वाईट वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?"

"मलाही त्या पोरीला फाशी व्हावी असंच वाटतं," सावित्रीबाई म्हणाल्या. "जन्मठेप झाली तर मी समाधानी होणार नाही."

"तुमची मर्जी."

विमलाबाई उतरून गेल्या. खाली सूर्यभान रिक्षा धरून उभे होते. सावित्रीबाई कठडा धरून, एकेक पायरी करत, माझा हात झिडकारून उतरल्या.

"पुढची तारीख कधी आहे?" त्यांनी विचारलं. "मोठ्या साहेबाला बोलावणार आहेत ना? मला यायचंय. माझ्या लेकराला घाई लावणारा तोही होताच की."